पुणे ते नागपूर विमानानं: अंतर किती, वेळ किती आणि घरातून निघायचं कधी

विदर्भातून पुण्यात शिकायला किंवा नोकरीला नव्यानं आलेली मुलं दसरा जवळ आला की हमखास विचारतात, "पुणे-नागपूर विमानाला किती वेळ लागतो?" उत्तर सोपं आहे: सव्वा ते दीड तास. पण मी ते तेवढ्यावर कधी सोडत नाही. याच उत्तराच्या भरवशावर माझा मावसभाऊ एका दिवाळीत संध्याकाळी पाचला हिंजवडीतून निघाला होता. विमान साडेसातचं होतं. तो विमानतळाच्या दारात पोचला तेव्हा गेट बंद झालं होतं, आणि लक्ष्मीपूजनाच्या आदल्या रात्री त्याला संगमवाडीत बॅग घेऊन ट्रॅव्हल्सची सीट शोधत फिरावं लागलं. तिकडे नागपुरात मावशी जेवण झाकून बसली होती.

हे सगळं लिहितोय ते अशा पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी, आणि मुलांना भेटायला पहिल्यांदाच विमानात बसणाऱ्या आईबाबांसाठी.

आधी अंतर समजून घ्या

पुणे-नागपूर अंतर शोधलंत की कुठे ६०५ किलोमीटर दिसेल, कुठे ७००, कुठे ८८१. नवा माणूस गोंधळतो आणि यातला एकच आकडा खरा असणार असं धरून चालतो. खरे तिन्ही आहेत, फक्त वाटा वेगळ्या आहेत.

विमानाचं अंतर म्हणजे दोन विमानतळांमधली सरळ रेषा. ती तुम्ही स्वतः काढू शकता. लोहगाव विमानतळ साधारण १८.५८ अंश उत्तर अक्षांश आणि ७३.९२ अंश पूर्व रेखांशावर आहे. नागपूरचा डॉ. बाबासाहेब आंबेडकर आंतरराष्ट्रीय विमानतळ २१.०९ आणि ७९.०५ वर. अक्षांशांतला फरक २.५१ अंश. एक अंश म्हणजे सुमारे १११ किलोमीटर, म्हणजे नागपूर आपल्यापेक्षा २७९ किलोमीटर उत्तरेला. रेखांशांतला फरक ५.१३ अंश. आपल्या भागात रेखांशाचा एक अंश साधारण १०५ किलोमीटरचा भरतो, म्हणजे नागपूर जवळपास ५३७ किलोमीटर पूर्वेला. आता शाळेतला पायथागोरस आठवा: दोन्हींचे वर्ग, त्यांची बेरीज, वर्गमूळ. उत्तर ६०५ च्या आसपास येतं. नकाशाशिवाय, कागदावर दोन मिनिटांत होतं, आणि राज्यातल्या कुठल्याही दोन शहरांसाठी हीच रीत चालते.

रस्त्यानं नगर, छत्रपती संभाजीनगर, जालना करत समृद्धी महामार्गाला लागलात तर ७०० किलोमीटरच्या आसपास होतात. पुण्यात कुठून निघता त्यावर थोडं कमी-जास्त. स्वतःच्या गाडीनं जेवणखाण धरून दहा-बारा तास.

रेल्वेचा आकडा सगळ्यात मोठा, कारण रूळ आधी पार उत्तरेला जातात. दौंड, नगर करत गाडी मनमाडला पोचते, तिथे मुंबई-हावडा मार्गाला लागते आणि मग भुसावळ, अकोला, बडनेरा, वर्धा अशी पूर्वेकडे वळते. २०२५ च्या ऑगस्टमध्ये सुरू झालेली पुणे-अजनी वंदे भारतसुद्धा हे ८८१ किलोमीटर कापायला बारा तास घेते. म्हणजे विमान जिथून सरळ जातं, तिथे गाडी पावणेतीनशे किलोमीटर जास्त चालते. या मार्गावर विमानाची खरी बचत या वळशात आहे.

तिकिटावरचा वेळ म्हणजे नेमका कुठला वेळ

विमान वर गेल्यावर ताशी आठशे किलोमीटरच्या आसपास उडतं. त्या हिशेबानं ६०५ किलोमीटरला पंचेचाळीस मिनिटं पुरायला हवीत. मग तिकिटावर सव्वा-दीड तास का?

कारण तिकिटावरचा वेळ उडण्याचा नसतो. पुण्यात विमान आपल्या जागेवरून हललं की तो सुरू होतो आणि नागपुरात ठरलेल्या जागी उभं राहिलं की संपतो. मध्ये धावपट्टीपर्यंत सरकत जाणं आलं, रांग आली, चढण आली, उतरण आली. चढताना आणि उतरताना विमान पूर्ण वेगात नसतंच, आणि एवढ्या लहान प्रवासात चढ-उतारच निम्मा वेळ खातात. त्यात लोहगाव हा मुळात हवाई दलाचा तळ आहे. प्रवासी विमानं हवाई दलाचीच धावपट्टी वापरतात. प्रत्यक्ष हवेत तुम्ही साधारण तासभर असता. कंपन्याही वेळापत्रकात थोडी मोकळीक धरतात, म्हणून उशिरा सुटलेलं विमान कधीकधी नागपुरात वेळेवर टेकतं.

हिवाळ्यात उंचावर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचे वारे वाहतात. ते नागपूरला जाताना मागून ढकलतात आणि येताना समोरून अडवतात. अंतर लहान असल्यानं फरक पाचेक मिनिटांचाच पडतो, पण जातानाचा आणि येतानाचा वेळ सारखा का नाही, याचं एक कारण हे आहे.

तिकीट काढताना

शोधताना पुण्याचा कोड पीएनक्यू आणि नागपूरचा एनएजी. शोधून झालं की सगळ्यात आधी "नॉन-स्टॉप"वर खूण करा. ती केली नाही तर दिल्ली किंवा हैदराबादमार्गे जाणारी तिकिटं समोर येतात, आणि त्यांत सहा-आठ तास सहज जातात. तेवढ्यात समृद्धीवरून गाडी बरंच अंतर कापते. "डायरेक्ट" आणि "नॉन-स्टॉप" हे एक नाही, हेही लक्षात ठेवा. डायरेक्ट विमान मध्ये एखाद्या शहरात थांबू शकतं, फक्त त्याचा क्रमांक बदलत नाही.

तारखेकडे दोनदा बघा. मध्यरात्रीनंतरच्या विमानांनी फार माणसं फसतात. तिकिटावर २१ तारीख आणि वेळ ००:२५ असेल, तर तुम्हाला २० तारखेच्या रात्री जेवून घरातून निघायचं आहे. २१ च्या रात्री गेलात तर विमान आदल्या रात्रीच गेलेलं असतं. आईबाबांचं तिकीट काढलंत तर त्यांना तारीख सांगू नका, "रविवारी रात्री जेवण झालं की निघायचं" असं सांगा.

नाव ओळखपत्रावर आहे तसंच टाका. आधारवर वडिलांचं नाव मधे असेल तर तिकिटावरही येऊ द्या. लग्नानंतर आधारवर आडनाव बदललेलं नसेल तर तिकिटावर जुनंच हवं.

कुठल्या वेळचं घ्यायचं? माझं मत पक्कं आहे: दिवसातलं पहिलं विमान. एकच विमान दिवसभर चार-पाच शहरं करत फिरतं, त्यामुळे सकाळी दिल्लीत धुकं पडलं की त्याचा उशीर संध्याकाळी पुणे-नागपूरच्या प्रवाशाच्या वाट्याला येतो. डिसेंबर-जानेवारीत तर हे नेहमीचं. पहाटेचं विमान बऱ्याचदा रात्रीच येऊन उभं असतं. शिवाय त्या वेळी पुण्याचे रस्ते मोकळे असतात, आणि ही बाब छोटी नाही.

उलटा हिशेब

माझा भाऊ जिथे चुकला ती जागा हीच. तो घरापासून पुढे मोजत गेला: दीड तास रस्ता, मग विमानतळ, मग विमान. मोजायचं ते विमानाच्या वेळेपासून मागे.

त्याचंच साडेसातचं विमान घेऊ. देशांतर्गत विमानाचं चेक-इन काउंटर साधारण एक तास आधी बंद होतं, म्हणजे साडेसहाला. गेट वीस-पंचवीस मिनिटं आधी बंद होतं, म्हणजे सात-पाचच्या सुमाराला. बॅग जमा करायची असेल तर रांगेसाठी पाऊण तास धरा, म्हणजे पावणेसहाला तुम्ही विमानतळाच्या दारात हवेत. आता हिंजवडी. कामाच्या दिवशी संध्याकाळी तिथून लोहगावला दीड तास लागतो, सणाच्या आदल्या दिवशी दोन. म्हणजे पावणेचारला कॅब दारात उभी हवी. तो पाचला निघाला. गेट बंद होईपर्यंत त्याच्या हातात जेमतेम दोन तास होते, आणि ते सगळे रस्त्यानंच खाल्ले.

कोथरूड, डेक्कनकडच्यांनी संध्याकाळी कॅबच्या नादी न लागता मेट्रोचा विचार करावा. वनाजहून निघणारी मार्गिका थेट रामवाडीपर्यंत जाते, आणि रामवाडीहून विमानतळ रिक्षानं जवळ आहे. पिंपरी-चिंचवडवाल्यांनी जिल्हा न्यायालय स्थानकात गाडी बदलायची. मोठी बॅग घेऊन जिने-सरकते जिने करावे लागतात, हे खरं. पण पोचायला किती वेळ लागेल ते घरातून निघतानाच कळतं, आणि विमान पकडताना ते फार मोलाचं असतं. पहाटेच्या विमानाला मात्र मेट्रो उपयोगाची नाही, ती सकाळी सहाला सुरू होते.

सगळं जोडून बघा. हिंजवडीतून रस्ता दोन तास, विमानतळावर पावणेदोन, विमान दीड, नागपुरात उतरून बॅग मिळेपर्यंत अर्धा, पुढे घरापर्यंत पाऊण. साडेसहा तास. वंदे भारतच्या बारा तासांपुढे हे निम्मंच आहे, पण "दीड तासात नागपूर" म्हणून दुपारची मीटिंग उरकून निघण्याएवढं नक्कीच नाही. खराडी किंवा विमाननगरला राहणाऱ्यांचं हेच काम पाचेक तासांत होतं.

विमानतळावर, क्रमानं

घरूनच वेब चेक-इन करून बोर्डिंग पास फोनमध्ये घ्या. एक छापील प्रत आईच्या पर्समध्ये असू द्या. फोनची बॅटरी संपली तरी अडत नाही.

पुण्याचं नवं टर्मिनल जुलै २०२४ मध्ये सुरू झालं. जुनंही शेजारीच आहे, त्यामुळे कॅबवाल्याला तिकिटावरचं टर्मिनल आधीच सांगा. दारात सुरक्षा दलाचा जवान तिकीट आणि मूळ ओळखपत्र बघतो. आधार, मतदार ओळखपत्र, वाहन परवाना, पासपोर्ट, यांतलं कुठलंही चालतं. पुण्यात डिजियात्राची सोय आहे. चेहरा दाखवून आत जाता येतं, पण ते अॅप घरीच नोंदवून ठेवावं लागतं, दारात उभं राहून नाही.

आत गेलात की बॅग. साध्या तिकिटावर जमा करायच्या सामानाला साधारण १५ किलो आणि हातातल्या बॅगेला ७ किलो मिळतात. घरी वजनकाटा नसेल तर बॅग एकदा किराणा दुकानात वजन करून आणा. काउंटरवर जादा वजनाचे पैसे किलोमागे लागतात आणि ते चांगलेच बोचतात.

काय कुठे ठेवायचं, हे जरा सविस्तर सांगतो, कारण आपल्या घरांतून निघणाऱ्या बॅगा वेगळ्या असतात. पॉवर बँक नेहमी हातातल्या बॅगेत; जमा केलेल्या बॅगेत सापडली की तुमचं नाव पुकारतात आणि बॅग उघडायला लावतात. लोणचं आणि तूप याच्या उलट, जमा करायच्या बॅगेत. ते हातात असलं की सुरक्षा तपासणीत अडतं. नागपूरहून परत येताना आईनं दिलेली लोणच्याची बरणी तिथल्या टेबलावर सोडून येताना फार जीव तुटतो, म्हणून आधीच सांगतोय. बरणीचं झाकण चिकटपट्टीनं गच्च बांधा, दोन पिशव्यांत घाला आणि कपड्यांच्या मधोमध ठेवा. संत्रा बर्फी, चिवडा, चकल्या, लाडू हातात न्यायला हरकत नाही. कुलदैवताच्या प्रसादातला सुका नारळ मात्र नेऊ नका. खोबऱ्यात तेल भरपूर असतं, म्हणून ते ज्वलनशील धरतात आणि बॅग तपासताना ते हमखास बाहेर काढतात.

सुरक्षा तपासणीत लॅपटॉप, फोन, पॉवर बँक, पट्टा, नाणी ट्रेमध्ये. आईबाबा एकटे येणार असतील आणि गुडघे दुखत असतील तर तिकीट काढतानाच व्हीलचेअर मागून ठेवा. विमान कंपनीचा माणूस त्यांना दारापासून सीटपर्यंत नेतो, आणि "पुढे कुठे जायचं" ही त्यांची सगळ्यात मोठी काळजी मिटते.

उशीर झाला किंवा विमान रद्द झालं तर

इथे तिकिटावरचा तो सव्वा-दीड तास पुन्हा कामाला येतो. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचे नियम त्याच वेळेवर बेतलेले आहेत. अडीच तासांपर्यंतच्या प्रवासाला विमान दोन तास किंवा त्याहून जास्त उशिरा निघणार असेल, तर वेळेवर आलेल्या प्रवाशांना खाणंपिणं देणं कंपनीवर बंधनकारक आहे. न संकोचता मागा. सहा तासांहून जास्त उशीर असेल तर दुसरं विमान किंवा पूर्ण पैसे परत, यांतलं तुम्हाला हवं ते.

पुरेशी आधी सूचना न देता विमान रद्द केलं तर पैसे परत किंवा दुसरं विमान यांशिवाय भरपाईही आहे. एक ते दोन तासांच्या प्रवासाला ती ७५०० रुपये, किंवा एकेरी मूळ भाडं अधिक इंधन अधिभार, यांतलं जे कमी असेल ते. हवामानासारख्या कंपनीच्या हाताबाहेरच्या कारणांना ही भरपाई लागू नाही. आणि एक अट महत्त्वाची: तिकिटावर तुमचा स्वतःचा फोन नंबर हवा. एजंटनं त्याचा टाकला तर सूचनाही त्यालाच जाते.

खिडकी कुठली घ्यावी

जाताना डावी. एक तर ऊन बहुतेक वेळा उजवीकडून येतं. दुसरं म्हणजे, मघाशी काढलेली ती सरळ रेषा नकाशावर आखून बघा: पैठणचा नाथसागर तिच्या डाव्या हाताला राहतो, आणि बरोबर मध्यावर ती लोणारच्या दक्षिणेला पंधरा किलोमीटरच्या आतून जाते. विमान दर वेळी नेमकं त्याच रेषेवरून जातं असं नाही, ढगही असतात. पण पावसाळा सरल्यावर, स्वच्छ सकाळी, निघाल्यापासून अर्ध्या तासानं खाली बघत राहा. काळ्याभोर शेतांच्या मधे गोल, हिरवट पाण्याची वाटी दिसली तर ते लोणार. मला ते एकदाच दिसलं. शेजारच्या काकूंना दाखवलं, त्या मेहकरच्या निघाल्या, आणि नागपूर येईपर्यंत त्यांनी खिडकीवरून नजर काढली नाही.

नागपुरात उतरल्यावर

पुढचं गाव कुठलं, हे तिकीट काढण्याआधीच बघायला हवं. वर्धा नागपूरहून ७५ किलोमीटर, भंडारा ६०, चंद्रपूर आणि यवतमाळ दीडशेच्या आसपास. या सगळ्यांना विमान सोयीचं पडतं. अमरावतीकरांनी मात्र थांबून विचार करावा. पुण्याहून नागपूर गाठायचं आणि तिथून परत दीडशे किलोमीटर पश्चिमेला यायचं, त्यापेक्षा रात्रीची रेल्वे थेट बडनेऱ्याला उतरवते. अकोला, शेगाव, बुलढाण्याकडच्यांसाठी तर रेल्वे किंवा बसच. उगाच विमानाचे पैसे घालवू नका.

नागपूर विमानतळ आटोपशीर आहे, चुकायला होत नाही. मेट्रोची एअरपोर्ट आणि एअरपोर्ट साउथ ही दोन स्थानकं वर्धा रोडवर आहेत, टर्मिनलच्या दारात नाहीत. सामान जास्त असेल तर तिथपर्यंत रिक्षा करा. मेट्रो थेट सीताबर्डीला नेते. तिथे गाडी बदलून एका बाजूला लोकमान्य नगर, दुसऱ्या बाजूला प्रजापती नगर.

गावी एसटीनं जायचं असेल तर गणेशपेठचं बसस्थानक. विमान संध्याकाळचं असेल तर तुमच्या गावाची शेवटची बस किती वाजता सुटते, ते घरच्यांकडून आधीच विचारून घ्या, आणि विमान टेकल्याच्या वेळेत दीड तास मिळवून बघा ती मिळते का. मिळत नसेल तर सकाळचं विमान घ्या, किंवा नागपुरातल्या आत्याला एक रात्र येतोय म्हणून कळवून ठेवा.